पम्यासाठी टाकलेला शब्द

कुठल्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही बघा. पण चहा ठेवलाय, तुम्ही बसलाय, आणि आमचे हे नेमके बाजारात गेलेत. ते असले की मधे मधे बोलून माझीच अब्रू काढतात. तेवढ्यात ऐकून घ्या.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत शैला राहते. तिचा मुलगा प्रथमेश. म्हणजे पम्या! चालायला लागला तो बॉलला लाथ मारतच. एकदा खालच्या जोशीबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर बॉल पडला, तेव्हा त्यांची समजूत मीच काढली होती. तर हा पम्या एका बड्या फुटबॉल क्लबच्या अकॅडमीत लागला. बडा म्हणजे किती? त्यांच्या पोरांचे मोजेसुद्धा कंपनी धुऊन देते हो!

पण श्रीमंतांच्या घरची गंमत वेगळी. पोरांना वर्षानुवर्षं खाऊपिऊ घालून तयार करायचं, आणि मॅच आली की परदेशातून कोट्यवधी मोजून आणलेले गडी उतरवायचे. आमचा पम्या मुख्य टीमबरोबर प्रॅक्टिस करायचा, बाकावर बसायचा, आणि जशी गेली तशी इस्त्रीची जर्सी घेऊन घरी यायचा. अकॅडमीचा करार संपत आलेला. मुख्य टीममधून एकदा तरी खेळला तर पुढे ठेवणार, नाहीतर टाटा. मग मामाच्या मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवत बसायचं.

आणि सीझनची उरली होती एकच मॅच.

शैलाला घास जाईना. मला झोप येईना. आमचे हे म्हणाले, "तुझा मुलगा आहे का तो?"

"शेजारचा आहे ना!"

"मग शेजारीच राहू दे."

आता मला सांगा, असं राहता येतं का माणसाला? ह्यांच्या भाच्याला कॉलेजात प्रवेश कुणी मिळवून दिला? चाळीच्या नळाला प्रेशर कुणामुळे आलं? मी योग्य माणसाला गाठून शब्द टाकला म्हणून! शब्द टाकल्याशिवाय मुंबईत काही हलत नाही. पम्यासाठी कुणी शब्दच टाकला नव्हता. म्हणूनच पोरगं बाकावर बसलं होतं. माझी तर खात्रीच पटली.

मॅचच्या दिवशी सकाळी शैला म्हणाली, "काकी, काल रात्रीपासून टीम हॉटेलात आहे. फोनपण काढून घेतात म्हणे."

इथल्या इथे मॅच, आणि हॉटेल!  डोक्यात लगेच हिशेब. एवढा श्रीमंत क्लब कुठे उतरणार? आपल्या परळला गिरणीच्या जागेवर ते उंच हॉटेल झालंय, तिथेच! दुसरं कुठे?

ठेवणीतली साडी नेसले. डब्यात घरच्या नारळाच्या वड्या भरल्या. ह्यांना सांगितलं, भोईवाड्याला देवळात जाऊन येते. तशी गेलेही, बाहेरून हात जोडले आणि टॅक्सी पुढे घेतली.

हॉटेलच्या दारात वॉचमनला विचारलं, "फुटबॉलवाले इथेच उतरलेत ना?"

"हो मावशी, अख्खा चौथा मजला."

बघा! माझा अंदाज कधी चुकतो का?

आत गेले तर थंडीने दात वाजायला लागले. सोफ्यावर ट्रॅकसूट घातलेला एक सावळा, पन्नाशीचा माणूस कॉफी पीत बसलेला. गळ्यात शिट्टी. मुख्य कोच गोरा आहे, हे मला पम्याने सांगितलं होतं. पण मी गोऱ्याच्या वाटेला कशाला जाऊ? कुठल्याही ऑफिसात बघा, मोठा साहेब नुसती सही करतो, काम करतो तो त्याच्या हाताखालचा. शब्द टाकायचा तर तिथे!

"तुम्ही कोचिंगमधले का हो?"

"हो. असिस्टंट. बसा, कितें जाय तुमकां?"

अगं बाई! कोकणी! मी सावंतवाडीची. माझा जीव एवढा भांड्यात पडला, की आवाजच झाला असेल.

"तुमी खयचे?"

"मडगांवचो."

आपलाच माणूस! मी वड्यांचा डबा उघडला आणि सुरू झाले. आमचा प्रथमेश, जर्सी सत्तेचाळीस, गरिबाघरचा, बाप दोन शिफ्ट करतो, आज त्याला उतरवलाच पाहिजे.

तो म्हणाला, "काकी, पण मी त्या..."

"तुम्ही काही बोलू नका, आधी ऐका."

"काकी, तुमचा काहीतरी घोळ..."

"घोळ बिळ काही नाही. वडी घ्या."

दोनदा त्याने तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी त्यात वडी कोंबली म्हणा ना! मग तो निमूट वडी खायला लागला. नंतर तर पुढे सरकून बसला. माझ्यासाठी कॉफी मागवली. म्हणाला, "बरा खेळतो काय?"

"बरा? अहो, चाळीच्या गॅलरीत माणूस समोर आला ना, तर असा खांदा उजवीकडे टाकतो, समोरच्याला वाटतं उजवीकडून जाणार, आणि हा सट्‌कन डावीकडून पसार! लहानपणापासून बघते. शंभरदा बघितलंय. नेहमी डावीकडून!"

"नेहमी?"

"नेहमी!"

त्याने दोन्ही हात जोडले. "काकी, तुमचे उपकार झाले."

एवढी नम्रता! घरी येईपर्यंत मी हवेत होते.

संध्याकाळी घरच्यांसाठी मिळालेल्या पासांवर शैला, मी आणि हे ग्राउंडवर गेलो. शैलाचा नवरा शिफ्टला. टीम बाहेर आल्या. आमची लाल, समोरची काळी-पांढरी. आणि त्या काळ्या-पांढऱ्यांच्या बाकाजवळ कोण उभं? माझा कॉफीवाला!

मी सवयीने हात केला. त्यानेही केला. वर परत हात जोडले.

शैला म्हणाली, "कोण हो काकी?"

हे म्हणाले, "तो तर गोव्याच्या टीमचा कोच आहे. ह्या गोव्यावाल्यांशीच मॅच आहे आज. तू कशी ओळखतेस?"

 मडगाव! कोकणी! अहो, लहान पोराच्या लक्षात आलं असतं. आमचा क्लब परळला उतरलाच नव्हता, तो अंधेरीकडे कुठेतरी. परळला उतरला होता पाहुणा संघ. आणि मी पाहुण्यांना घरच्या वड्यांबरोबर घरची अंडीपिल्लीही वाढून आले होते!

"सावंतवाडीकडचे आहेत," मी पुटपुटले.

"गोवा सावंतवाडीत कधी आला?" हे म्हणाले. "आणि घाम का आलाय तुला?"

काय सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे असं मागणं मागितलं, की देवा, आज पोराला बाकावरच राहू दे! मग लगेच शैलाचं तोंड बघितलं आणि मागणं परत घेतलं. मग परत मागितलं. देवाला तरी कळलं असेल का मला काय हवंय?

गोल होईना. शेवटची थोडी मिनिटं उरली आणि आमचा एक परदेशी गडी पाय धरून बसला. गोऱ्या कोचने मागे वळून बोट दाखवलं. पम्या उठला!

शैलाने माझा हात असा दाबला, की बांगडी वाढवली. आणि समोर माझा कॉफीवाला आपल्या डिफेंडरला जवळ बोलावून हाताने खुणा करत होता. असा खांदा. असं उजवीकडे. मग सट्‌कन डावीकडे. अगदी मी दाखवलं होतं तस्सं! साडीचा पदर सोडला तर काही बाकी ठेवलं नव्हतं.

"शैला," मी म्हटलं, "मामाचं दुकान तसं वाईट नाही गं."

"काय?"

"काही नाही."

बॉल पम्याकडे आला. समोर तो ताडमाड डिफेंडर. पम्याने खांदा उजवीकडे टाकला. डिफेंडर ढिम्म! उलट डावीकडे जाऊन वाट अडवून उभा राहिला, घरमालकासारखा. मी डोळे मिटले.

नुसती आरोळी ऐकू आली. डोळे उघडले तर शैला खुर्चीवर उभी आणि हे, आमचे हे, अनोळखी माणसाच्या गळ्यात! पम्या उजवीकडच्या मोकळ्या वाटेने गेला होता, बॉल मधे टाकला होता, आणि आमच्या दुसऱ्या परदेशी गड्याने गोल ठोकला होता.

मॅच जिंकलो. पम्याचा करार वाढला. दुसऱ्या दिवशी शैलाबरोबर पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, "काकी, कायतरी झोल होता. तो डिफेंडर आधीच डावीकडे जाऊन उभा. मी डावीकडून काढणार असं त्याला कुणी सांगितलं काय माहीत!"

मी हातातला पेढा खाली ठेवला. "अरे, पण तू डावीकडूनच जातोस ना?"

"छ्या! ग्राउंडवर मोकळी बाजू असेल तिथून. डावीकडून फक्त आपल्या गॅलरीत."

"गॅलरीत का?"

 पोराने आईकडे बघितलं, पायाकडे बघितलं.

हे म्हणाले, "सांग रे, घाबरू नकोस."

"जिन्याकडे जाताना उजवीकडे तुमचं दार ना, काकी. दारात स्टुलावर तुम्ही. सापडलो की कुठे चाललास, कोणाबरोबर, कधी येणार, काय खाल्लंस... प्रॅक्टिसला लेट व्हायचो. म्हणून तुम्हाला हूल द्यायची आणि कठड्याकडून पळायचं. तीच मूव्ह सरांनी अकॅडमीच्या सिलेक्शनला बघितली ना!"

आमचे हे एवढे हसले, की खालून जोशीबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण म्हटलं, पोराची एकच बाजू तयार होऊन कसं चालेल? म्हणून आता मी स्टूल डावीकडे, कठड्याला लावून बसते.

काल बघते, तर पठ्ठ्या मागच्या जिन्याने गेला!