गोठ्यातल्या देवाची बोळवण

सकुबाईच्या घरी आलेला देव कधी उपाशी गेला नाही आणि कधी रेंगाळलाही नाही. मुरबाडहून म्हशाकडे जाताना रस्त्यालगत एक गाव लागतं, तिथे तिचं घर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. भाताची दोन खाचरं ती अजून स्वतः बघते आणि सणवार असे काटेकोर करते, की गावातल्या बायका कुठे अडल्या तर तिलाच विचारायला येतात. तिचं ठरलेलं बोलणं आहे, "देव म्हंजे पावणा. त्याला बसवायचा, जेवू घालायचा आनि टायमावर वाटेला लावायचा." नवऱ्यामागेही तिने मार्गशीर्षातले गुरुवार सोडले नाहीत. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "लक्ष्मी माझी हाय, नवऱ्याची नव्हती."

तिच्या एकुलत्या एका मुलाने, कमळाकरने, वसईची ख्रिस्ती मुलगी केली. लव्हिना तिचं नाव, मुरबाडच्या एका दवाखान्यात नर्स. गावाने चार दिवस तोंडं वाकडी केली. सकुबाईने सुनेला एवढंच विचारलं, "तुला भाकरी येते का गो?" लव्हिना म्हणाली, "येते, तांदळाची." सकुबाईपुरता विषय तिथे मिटला. वसईला मात्र लव्हिनाच्या बापाने दार लावून घेतलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. नम्रता झाली तेव्हा लव्हिनाची आई अ‍ॅग्नेसबाई नवऱ्याच्या चोरून दवाखान्यात येऊन नातीला बघून गेली आणि जाताना एक पत्र्याचा डबा ठेवून गेली. त्यात नाताळच्या गोठ्यातल्या मातीच्या मूर्ती होत्या. मरीया, योसेफ, बाळ येशू, गाय, गाढव आणि तीन मेंढरं. अ‍ॅग्नेसबाईच्या आईने गावातल्या कुंभाराकडून करून घेतलेल्या. लव्हिनाला माहेरातून मिळालं ते एवढंच.

डबा माळ्यावर गेला. बाप बोलत नाही तोवर तो उघडायचा नाही, असं लव्हिनाच्या मनाने घेतलं होतं. पण नाताळ घरात आलाच. दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचाच नाही, तोच नाताळचा तारा. आणि कुलकुल सगळ्यांनी मिळून वळायचे. गोड पिठाची गोळी नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, म्हणजे तिच्यावर रेघा उठतात, मग तळायची. हे कंगवे सकुबाई म्हशाच्या जत्रेतून आणायची आणि केसाला न लावता वर्षभर फडताळात ठेवायची. मार्गशीर्षात घरात कोंबडी शिजत नाही, म्हणून नाताळ त्या महिन्यात आला की लव्हिना वाटाण्याचा पुलाव करायची. त्यावरून सासू-सुनेत कधी ठिणगी पडली नाही.

मग बाप गेला. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, लव्हिनाने डबा पहिल्यांदा उघडला. पाच वर्षांच्या नम्रताला घेऊन खोक्याचा गोठा केला, खळ्यावरचा पेंढा अंथरला आणि मूर्ती मांडल्या. नाताळ बुधवारी होता. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, सकुबाईचा घट. शुक्रवारी सकाळी कमळाकर शहापूरजवळच्या गोदामात कामाला गेला, लव्हिना ड्यूटीवर गेली, नम्रता शाळेत. सकुबाईने घट हलवला, कलशातलं पाणी तुळशीला घातलं, फुलं-पानं नदीवर न्यायला टोपलीत भरली. मग तिची नजर गोठ्याकडे गेली.

मातीचा देव. जन्म झाला, गोडधोड झालं, तिसरा दिवस उजाडला, आणि पुढे साधा दिवा नाही. पोरं कामाच्या धबडग्यात विसरली असणार. सकुबाईला सुनेची दया आली. तिने मूर्तींना फुलं वाहिली, कुलकुलांचा नैवेद्य दाखवला, आरती म्हटली आणि सगळ्यांना टोपलीत घालून नदीवर नेलं. आधी जनावरं सोडली. मरीया आणि बाळ एकदम सोडलं, लेकरू एकटं जायला नको म्हणून.

संध्याकाळी लव्हिना घरी आली तेव्हा सकुबाई समाधानाने म्हणाली, "लावलं गो वाटेला. नीट पोचवून आले."

लव्हिनाने रिकाम्या गोठ्यातला पेंढा उपसून बघितला. कमळाकर नुकताच आला होता, तो तसाच नदीकडे धावला. कच्ची माती ती, दिवसभर पाण्यात काय टिकणार? काठाला अडकलेलं एक मेंढरू तेवढं मिळालं, मागचे दोन पाय गेलेले आणि रंगही उडालेला. लव्हिना ओरडली असती तर सकुबाईला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, ते सोडायचे नसतात. दर वर्षी तेच मांडायचे असतात. माझ्या आजीचे होते." मग पेंढा गोळा करत म्हणाली, "मम्मीला कळता कामा नये. आणि आता यापुढे आपल्याकडे नाताळ नको."

जन्मभर सकुबाईने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि स्वतःची चूक केली ती अशी, की भरून द्यायला बाजारात काही मिळत नव्हतं. सून तिच्याशी वाईट वागली नाही. जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, कामापुरतं बोलायची. ते "कामापुरतं" सकुबाईला फार लागलं.

जानेवारीत म्हशाची जत्रा भरली. सकुबाईने नेहमीसारखे नवे कंगवे आणले आणि सुनेच्या देखत फडताळात ठेवले. लव्हिनाने बघितलं आणि भाजी चिरत राहिली.

पुढची भातकापणी उरकल्यावर सकुबाईने नदीकाठची चिकणमाती आणली आणि मागच्या पडवीत बसकण मारली. लहानपणी मातीचे बैल केले होते, तेवढीच तिची विद्या. गाय बरी झाली. गाढव म्हणजे लांब कानांचा बैल. योसेफला तिने टोपी घातली. मरीयेच्या डोक्यावर पदर घेतला, पण ती कंबर कसून भातलावणीला निघाल्यासारखी दिसायला लागली. बाळ मात्र जमेना. तीनदा केलं, तीनदा वाळताना मान तडकली. लव्हिना चार दिवस येता-जाता दारातून बघत होती. पाचव्या दिवशी तिने पर्स खुंटीला अडकवली आणि शेजारी बसली.

"एवढं मोठं डोकं नसतं बाळाचं, आई."

"मग कर ना. तू नर्स हायस, तुला म्हायती."

बाळ लव्हिनाने केलं. तडकलं नाही. त्या रात्री ती जेवताना दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होती, आणि सकुबाईने एक भाकरी जास्त खाल्ली.

इतक्यात वसईहून फोन आला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅग्नेसबाई येणार, लेकीच्या घरी पहिल्यांदाच. लव्हिनाचा चेहरा उतरला. "घर सारवताना फुटल्या म्हणून सांगू," ती म्हणाली. सकुबाईने मान डोलावली, पण ती गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरेना.

यंदा मार्गशीर्ष आधीच संपला होता, त्यामुळे वडे-कोंबडीचा बेत होता. अ‍ॅग्नेसबाई आली, नम्रताने हात धरून तिला गोठ्यापाशी नेलं. म्हातारीने टोपीवाला योसेफ बघितला, पदरवाली मरीया बघितली. मग पेंढ्याला टेकवून ठेवलेलं दोन पायांचं मेंढरू उचललं.

"हे आमचं," ती म्हणाली. "बाकीचे कुठे गेले?"

लव्हिना म्हणाली, "मम्मी, घर सारवताना..."

"फुटले नाय," सकुबाई म्हणाली. "मी सोडले नदीत. मला वाटलं, मातीचा देव, पोचवायला पायजे. तिची काय चूक नाय. माजं चुकलं."

अ‍ॅग्नेसबाईने मेंढराचे मोडके पाय बोटाने चाचपले. मग तिने विचारलं, "नुसतेच सोडले?"

"नुसते कसे? फुलं वाहिली, नैवेद दावला. आरती केली."

"कोणती आरती?"

सकुबाईला लाज वाटली. "तुमची येत नव्हती. गणपतीचीच म्हटली."

अ‍ॅग्नेसबाई खाली बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझ्या नवऱ्याने पोटच्या पोरीला साधी दारापर्यंत सोबत केली नाही. तुम्ही परक्या देवाला आरती म्हणून पोचवलंत. माझी आई तुम्हाला काही बोलली नसती." तिने मेंढरू परत बाळाजवळ ठेवलं. लव्हिना सासूच्या खांद्यावर कपाळ टेकून रडली, आणि सकुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सहा जानेवारीला, नाताळ संपतो त्या तीन राजांच्या सणाला, लव्हिनाने गोठा उतरवला. मूर्ती कापडात गुंडाळून त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. सकुबाई शेजारी बसून बघत होती. देवाला असं कोंडून ठेवणं तिला अजून पटत नव्हतं. झाकण लावताना तिने लव्हिनाचा हात धरला आणि बाळाच्या उशाशी चार कुलकुल ठेवले.

"मुंग्या लागतील आई."

"लागू दे. अकरा म्हयने उपाशी ठेवायचा काय त्याला?"

लव्हिनाने कुलकुल काढले नाहीत. झाकण लावून डबा माळ्यावर ठेवला.