डोळ्यांत पावडर गेलेला हीरो

१९ जानेवारी २०१४, रविवार, सडक अर्जुनी. तेरवीला हजर : रेखावहिनी, तिच्या माहेरचे चौघे, नवेगाव बांधहून मी आणि माझे यजमान, हायवेवर पंक्चरचे दुकान चालवणारा गुलाब, समोरच्या ढाब्याचे मालक, गल्लीतली बारा-तेरा घरे, आणि तीन ट्रक ड्रायव्हर. त्यांची नावे लिहून घ्यायची राहिली. रायपूरकडे जाता जाता गाड्या बाजूला लावून ते आले, फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि पाणीसुद्धा न घेता गेले. फोटो माझा मोठा भाऊ तेजराम याचा.

पंगत बसली होती. गुलाब, जो पहिलीपासून भावाच्या बाकावर बसला, मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा तेजराम शेवटच्या राऊंडपर्यंत लढला. हार नाही मानली गड्यानं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी भाजीचे भांडे खाली ठेवले आणि मागच्या अंगणात गेले, कारण तिथे थांबले असते तर तेरवीच्या पंगतीत माझ्या तोंडून काहीतरी निघाले असते. ते आज महिनाभराने इथे लिहिते. भाऊ लढला नाही. भाऊ लपला. आणि लपायचे कसे, हे त्याला त्या भिकार चित्रपटांनी शिकवले.

कोणते चित्रपट ते सांगते, म्हणजे पाहायची गरज उरणार नाही. एक बेट असते किंवा किल्ला. तिथे सोळा पहेलवान जमतात. नायकाच्या गुरूला किंवा भावाला कुणीतरी मारलेले असते. मधोमध चौथरा, भोवती मशाली, उंच खुर्चीवर एक टकला. एकेक जण हरत जातो. शेवटच्या फाईटमध्ये खलनायक कमरपट्ट्यातून पांढरी पावडर काढून नायकाच्या डोळ्यांत फेकतो. नायकाला दिसेनासे होते, मग त्याला गुरूचे शब्द आठवतात आणि तो डोळे मिटून, आवाजाच्या अंदाजाने जिंकतो. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. माझ्या माहितीप्रमाणे डोळ्यांत पावडर गेली तर स्वच्छ पाण्याने डोळे धुवायचे आणि माणसाला डॉक्टरकडे न्यायचे. इतक्या वर्षांत एकाही हीरोचे डोळे कुणी धुतल्याचे मी ऐकले नाही.

१९९९ साली भावाने टीव्ही आणि डिस्कचा प्लेअर घेतला. घर ढाब्याच्या मागेच. दुपारी गाड्या उभ्या करून ड्रायव्हर आडवे व्हायचे, ते हळूहळू आमच्या पडवीत येऊन बसू लागले. कुणी पंजाबचा, कुणी आंध्रचा, कुणी दुर्गचा. चित्रपटातली भाषा कुणालाच कळत नसे, म्हणून भाऊ टीव्हीशेजारी वेताच्या मोड्यावर बसून समजावून सांगे, अर्धे हिंदीत, अर्धे आपल्या बोलीत, जिच्यात 'पाहा'चे 'पाय' होते. "आता पाय हा लंबू. लय माजला हाय. याले दोन मिनटात उताना पाडते पाय आपला." ड्रायव्हर हसून लोळत. एखाद्याला कळले नाही तरी अडत नसे, कारण त्या चित्रपटांत न कळण्यासारखे काहीच नसते. तेच त्यांचे खरे बळ आहे हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोघांतला एक. दिवसभर कुठल्या नाक्यावर किती थांबावे लागेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला दीड तासात एवढा साफ निकाल कुठे मिळतो? मी नाके मुरडली की भाऊ म्हणे, "तुले तं आवडाले पायजे, बाई. तू यादीतले कामं काटतेस, आमचा हीरो मानसं काटते." मला हसू येई, पण मी दाखवत नसे. शेवटची फाईट सुरू झाली की मी भांड्यांना किंवा धुण्याला उठे. भाऊ मागून ओरडे, "बाई, फायनल तं पाय!" मी कधी पाहिली नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट पाहण्यात वेळ का घालवायचा?

२०१२च्या उन्हाळ्यातली एक दुपार. टीव्हीचा आवाज महिनाभर गेलेला होता, पण भावाला त्याचे काय, बोलणारा तोच. एक चित्रपट लावून तो पाय धुवायला अंगणात गेला. तेवढ्यात गुलाब आला, मुलीच्या लग्नाची डिस्क घेऊन. वहिनीला दाखवायची म्हणून त्याने आधीची काढून ती लावली. भाऊ आत आला, मोड्यावर बसला, पडद्याकडे तोंड केले आणि सुरू झाला. "हा पाय, पांढऱ्या कपड्यातला. साधा दिसते, पन लय हरामी हाय. आता कमरेतून काढते पाय पावडर... फेकली! सीधी डोऱ्यात!" पडद्यावर गुलाबचा जावई मुंडावळ्या बांधून उभा होता आणि त्याच्यावर अक्षता पडत होत्या. ड्रायव्हरांनी मांड्यांवर थापा मारल्या. वहिनीने पदर तोंडात धरला. गुलाब ओरडला, "अबे तेजराम, माया जावयाले काऊन मार खाऊ घालतस!" आणि भाऊ हसला... पण एक क्षण उशिरा. आधी त्याने मान वळवली, हसण्याचा आवाज कुठून येतो ते ऐकले, आणि मग तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. सगळ्यांना वाटले, काय गंमत केली यानं! मी हातातले निवडणे तसेच ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी मी त्याला हँडपंपापाशी गाठले. चार बोटे वर केली आणि विचारले, "भाऊ, किती?"

"कायले पोरखेळ करून राहिली?"

"किती ते सांग."

"तीन," तो म्हणाला. मग माझ्या गप्प बसण्यावरून त्याने ओळखले. "जेवढं लागते तेवढं दिसते मले. रस्ता पाठ हाय, घर पाठ हाय, पिच्चर पाठ हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रेखाले सांगशील तं मी तुया भाऊ नाही."

मी वहिनीला सांगितले नाही. ही माझी चूक आहे आणि ती लिहून ठेवते, कारण इतरांच्या चुका मोजायच्या तर स्वतःची वगळता येत नाही. मी माझे नेहमीचे केले. वहीत लिहिले, "भाऊ. साखर तपासणे, डोळे दाखवणे, गोंदिया." दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी नवे कारण ऐकायचे. रोवणी होऊ दे. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊ दे. धान निघू दे. एकदा मी चिडून म्हणाले, "आंधळा होशील, मग काय करशील?" तर तो खुशीत म्हणाला, "अवो, आपला हीरो तं आंधळा झाल्यावरच जिंकते." मी फोन आपटला. माझ्या वहीतले झालेले काम मी आडवी रेघ मारून काटते, न झालेले पुढच्या पानावर उतरवते. हे काम मी दीड वर्ष पुढच्या पानावर उतरवत होते. तीन ओळींचे एक पत्र वहिनीला लिहिले असते तर एका दिवसात झाले असते.

डिसेंबरात त्याच्या पायात तार रुतली. डोळ्यांना दिसली नाही आणि साखरेने बधिर झालेल्या तळव्याला कळली नाही. कळले तेव्हा त्याने घरातसुद्धा कॅनव्हासचे बूट घालायला सुरुवात केली. थंडी लागते म्हणे. वास आला तेव्हा वहिनीने बूट ओढून काढले. नागपूरला नेले. डॉक्टरांनी विचारले, किती दिवस झाले? भाऊ म्हणाला, दोन. तीन आठवडे झाले होते. पाय काढायची तयारी चालली होती तेव्हा मला म्हणाला, "आता एकच राऊंड रायला, बाई." मी म्हणाले, "गप राहा." त्याच्याशी बोललेले हे माझे शेवटचे शब्द, आणि मला ते परत घ्यायचे नाहीत. सात जानेवारीला तो गेला. आता गुलाब त्याला लढवय्या म्हणतो. गुलाबराव, लढाई दवाखान्याच्या रांगेत उभे राहून करायची होती. तिथे मशाली नसतात, टाळ्या नसतात, म्हणून तुमचा मित्र तिथे गेला नाही.

तेरवीनंतर आवराआवरीची यादी मी केली. दहा कामे. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचे नाव, मोबाईलचे सिम, कपडे, बूट (जाळले), मोड्याची सैल झालेली वीण. डिस्कची पेटी नवव्या क्रमांकावर होती. उघडली तर प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यावर कात्रीने काप दिलेले. एक काप, दोन, तीन, कुठे तिरपा, कुठे जोडीने. तो बोटाने डिस्क ओळखत होता. यादीच होती ती. माझ्यापासून लपवून त्याने माझ्यासारखी यादी केली होती, आणि माझ्यापेक्षा व्यवस्थित. मी पेटी बंद केली आणि नवव्या कामावर रेघ मारली.

एक पाकीट रिकामे निघाले, तीन कापांचे. त्यातली डिस्क प्लेअरमध्येच आहे, म्हणून यादीत अकरावे काम वाढले. तो प्लेअर चालू केल्याशिवाय कप्पा उघडत नाही, आणि चालू केला की चित्रपट थांबला होता तिथून सुरू होतो. टीव्हीचा आवाज अजून दुरुस्त केलेला नाही. पडद्यावर दोन माणसे समोरासमोर उभी राहतील आणि पडवीत बोलायला कुणी नसेल... गेल्या चार रविवारांत मी चारदा सडक अर्जुनीला गेले. प्रत्येक वेळी वहिनी म्हणाली, "काढ ना बाई, दोन मिनटाचं काम हाय." प्रत्येक वेळी मी दुसरेच काहीतरी आवरून परत आले.

दहा कामे काटली आहेत. अकरावे, "प्लेअरमधली डिस्क काढणे", आज पुन्हा पुढच्या पानावर उतरवले.