संथ इलेक्ट्रॉनचा संशय

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात नसेल, आणि संशयाला इतकं शास्त्रीय कारण असलेला तर कुठेच नसेल. मुलांनो, आधी शास्त्र सांगते, मग माणूस.

दीर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात पोलादी भांड्यात सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरून त्यावर इलेक्ट्रॉन सोडत. मधे एक गंधक, भोवती सहा फ्लोरिन, असा हा मोठा शांत रेणू. विजेच्या उपकेंद्रांत ठिणगी विझवायला हाच वायू वापरतात. "वहिनी, जोरात आलेला इलेक्ट्रॉन बहुधा शेजारून निघून जातो," ते मला सांगत. "रेंगाळत येतो ना, त्याला रेणू धरतो. आणि मग एक फ्लोरिन तुटून पडतो. घात करतो तो सावकाश येणारा!"

हा निष्कर्ष त्यांनी भांड्यातून काढून थेट मंगळवार पेठेला लावला. "ओ सर, घ्या की! कालची हाय, पर गोड हाय!" असं ओरडणाऱ्या भाजीवालीवर त्यांचा पूर्ण विश्वास. हळू बोलणारा प्रत्येक जण मात्र गुन्हेगार. एकदा फोनवर मृदू आवाजात बोलणाऱ्या माणसाला भामटा समजून त्यांनी उभा-आडवा झापला. तो खरोखरच त्यांच्या बँकेचा मॅनेजर होता. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, खालच्या आवाजात बोलणारी. लग्नानंतर पाच वर्षं माझ्या हातचा चहा ते आधी तुमच्या आजोबांना प्यायला लावत.

जाऊबाई गेल्यावर ते घरात एकटे पडले. मदतीला ठेवलेल्या तीन बायका त्यांच्या संशयाला कंटाळून गेल्या. चौथी, उचगावची सुमनबाई, आली तेव्हा त्यांच्या मुलानं बेंगळुरूहून बजावलं, की हीसुद्धा गेली तर घराला कुलूप आणि बाबा माझ्याकडे. बेंगळुरूचं नाव काढलं की दीर ताटावरून उठायचे. तरी पंधरा दिवसांत त्यांनी मला बोलावून घेतलं. "ही बाई मागे येऊन उभी राहते, पण पावलं वाजत नाहीत. मुद्दाम हळू चालते. मी बंदोबस्त केलाय."

बंदोबस्त म्हणजे करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल, खास करवून घेतलेली.

"घरात चप्पल घालू व्हय सर? देव हाय की आत!" सुमनबाई खणखणीत आवाजात म्हणाली.

"मग बाहेर ओट्यावर चालून दाखवा." ते पाठ करून बसले. ती त्यांच्यामागून या टोकापासून त्या टोकाला गेली. चप्पल अशी करकरली, की समोरच्या दुकानातल्या माणसानं मान वर केली.

"बघा वहिनी!" दीर विजयाने म्हणाले. "चप्पल घालूनही आवाज नाही!"

मी सुमनबाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग तिनंच त्यांच्यासमोर येऊन सांगितलं, "सर, एकदा डॉक्टरला कान दाखवा की."

आयुष्यभर प्रयोग केलेला माणूस. निकाल त्यांना लगेच समजला. चेहरा एवढासा झाला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मुलाला कळवणार का?"

"मी कशाला सांगतो? मी आपली जोरात बोलतो की!" ती इतकी मोठ्यानं म्हणाली, की ते गल्लीलाही कळलं. तेव्हा मुलांनो, दिवाळीला आलात की त्यांच्याशी मोठ्यानं बोला, आणि बेंगळुरूच्या काकाला यातलं काही सांगू नका.

सुमनबाई चहा करायला आत गेली. दीर माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. इलेक्ट्रॉन अगदीच संथ आला, तर कित्येकदा रेणू तुटत नाही. त्याला तसाच ठेवून घेतो. थरथरतो, पण अख्खा राहतो."

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "किती वेळ?"

"फार नाही," ते म्हणाले. "पण मोजता येईल इतका."