दादांची अर्धी तपासणी

माझ्या थोरल्या साडूंइतका उतावळा माणूस आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा जन्मला नसेल. सगळे त्यांना दादा म्हणत. ढोकीच्या साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते, उसाच्या नोंदी घेत गावोगाव फिरायचे. एसटी थांबायच्या आत उतरत, चहा निवायच्या आत पीत आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत “व्हय, कळलं” म्हणून मोकळे होत. बहात्तरच्या दुष्काळात ते खडीच्या कामावर मुकादम होते. बाया म्हणायच्या, मुकादम घटकाभर बसला तर आम्हालाही बसता येईल. पण हा माणूस बसायचाच नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही बेंबळीला गेलो, तर पोहे यायच्या आधीच दादांनी “पसंत हाय!” म्हणून टाकलं. मुलगी अजून आतच होती. नशिबानं संसार झकास झाला, आणि दादा ते श्रेय आयुष्यभर घेत राहिले.

पुढं त्यांचे धाकटे बंधू आतड्याच्या कॅन्सरनं गेले. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, त्रास नसला तरी सख्ख्या भावानं दुर्बिणीनं तपासून घ्यावं. दोन दिवस पातळ खायचं, आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पूर्ण घ्यायचं, असं कागदावर लिहून दिलं. सोबतीला मी गेलो. वाटेत दादा कानाशी लागून म्हणाले, “अर्धंच घेतलं बरं का, पाव्हणं. सगळं घेतलं आसतं तर ह्या एसटीत काय केलं आसतं?” सकाळी चटणी-भाकरीही झाली होती.

तपासणी चालू असताना “झालं का, डॉक्टर?” हे मला दाराबाहेर चार वेळा ऐकू आलं. बाहेर रोग्यांची रांग होती; डॉक्टरांनीही आटोपतं घेतलं. ते म्हणाले, “दिसलं तेवढं साफ आहे. पण उजव्या बाजूला घाण होती, तिथलं नीट दिसलं नाही. पोट पूर्ण साफ करून महिन्याभरात परत या.” ‘साफ’ शब्दाला दादांनी नमस्कार ठोकला आणि पुढच्या वाक्याला ते पायऱ्या उतरत होते. स्टँडवर त्यांनी पेढे घेतले. एसटीत मी म्हणालो, “दादा, परत बोलावलंय.”

“व्हय, कळलं.”

मी विषय तिथंच सोडला. त्यांचा आनंद मोडवेना. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक रजाही घालवायची नव्हती.

सात-आठ महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या अक्कांचा, निरोप आला. धावत गेलो, तर त्या दारातच रडवेल्या उभ्या. “दाजी, ह्ये सकाळपासनं बसूनच हायेत ओ!” दुसऱ्या कुणाच्या घरात ही बातमी झाली नसती. दादा बाजेवर बसले होते, ओठ पांढरेफटक. अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं.

या वेळी औषध अक्कांनी समोर उभं राहून पाजलं. दुसऱ्या, वयस्कर डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ घेतला. उजव्या बाजूला गाठ निघाली. मी विचारलं, “मग तेव्हा कशी दिसली नाही?” ते शांतपणे म्हणाले, “आतड्याला आतून घड्या असतात. चपटी गाठ घडीच्या आड बसते, नाहीतर घाणीखाली झाकली जाते. नळी भराभर मागं ओढली तर चांगल्या डॉक्टरच्याही नजरेतून सुटते. म्हणून तर परत बोलावतात.”

ऑपरेशन झालं, दादा वाचले. टाके काढले त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हणालो, “दादा, तेव्हाच मी तुम्हाला ओढत न्यायला पाहिजे होतं.”

दादा म्हणाले, “म्याबी ऐकलं हुतं की, पाव्हणं, डॉक्टर काय म्हणलं ते. लई भ्या वाटलं. तुमी एकदाच बोललाव, पुन्यांदा न्हाय. मंग म्या म्हणलं, नसंल तेवढं काय.”

त्यानंतर दादा चार वर्षं जगले. हे बोलणं त्यांनी कधी कुणासमोर काढलं नाही, मला कधी दोष दिला नाही. एकदा तरी माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.