ड्राय डेचा पावणा

ड्राय डे जाहीर झाला की आमच्या शिवाजी पेठेतली निम्मी मंडळी कपाळाला हात लावतात. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू? आमच्या माडीवर भाड्यानं राहणारा श्रीशैल मात्र कॅलेंडरात ड्राय डे हुडकत बसतो. हायवेजवळच्या एका हॉटेलात तो बारटेंडर आहे. त्या दिवशी बार बंद, म्हणून त्याला सुट्टी, आणि सुट्टी मिळाली की तो गावाकडं पळतो.

गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकच्या शिवेला. घरात आई एकटीच, गंगव्वा. गळ्यात लिंग, सकाळ-संध्याकाळ पूजा. दारूचं नावसुद्धा त्या घरात कुणी मोठ्यानं घेत नाही. अशा घरातलं पोरगं बी.कॉम. होऊन कोल्हापुरात आलं आणि कितीतरी महिने नुसतं चपला झिजवत हिंडलं. शेवटी त्या हॉटेलात माणूस पाहिजे असं कळलं, तेव्हा मीच त्याला गाडीवर घालून नेलं. वाईट केलं असं मला अजूनही वाटत नाही. पोराला काम पाहिजे होतं, काम मिळालं.

तेही कसं मिळालं बघा. बार सांभाळणारा गुंडू हा जुना, खवट माणूस. त्यानं श्रीशैलपुढं बाटली, सोडा आणि ग्लास ठेवला आणि एक पेग बनवून पार कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेव म्हणाला. यानं जन्मात बाटलीला हात लावलेला नव्हता. दारू सांगितली तेवढी घातली, आणि वरून सोडा ओतत राहिला, ग्लास काठोकाठ भरेपर्यंत. पावण्याला अर्धं भांडं देणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्याच्या घरचं वळण. बर्फ टाकायलासुद्धा जागा उरली नाही. गुंडू पोट धरून हसला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्रीशैलनं तो ग्लास उचलला आणि हॉलभर चालत जाऊन टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. गुंडूचं हसू तिथंच थांबलं. "बाकीचं मी शिकवतो," तो मॅनेजरला म्हणाला. "असला हात शिकवून येत न्हाय."

मग शिकवलंही त्यानंच. ग्लास रिकामा दिसला की जवळ जायचं आणि हळूच विचारायचं, रिपीट करू? पोरगं तयार झालं. काम त्याला मनापासून आवडलं. ग्लास पुसून उजेडात धरून बघायचा, लिंबाच्या चकत्या एकसारख्या कापायच्या, सगळं निगुतीनं. गिऱ्हाइकाला तो साहेब न म्हणता पावणं म्हणतो, आणि लोकही खूश होतात.

घरी त्यानं काही लपवलं नाही. फोनवरच सांगून टाकलं. गंगव्वा ना रडली, ना ओरडली. जेवलास काय, एवढंच तिनं विचारलं. सुटलो, असं याला वाटलं.

पहिल्या ड्राय डेला गावी गेला आणि सवयीनं सरळ घडवंचीकडं वळला. तिथं तांब्याची घागर असते. देवाच्या पूजेचं पाणी तिच्यातलंच आणि पिण्याचंही तिच्यातलंच. लहानपणापासून शाळेतून येऊन दप्तर टाकायचं आणि घागरीत भांडं बुडवायचं, आईनं मागून ओरडायचं की हात धुतलास का रे. त्या दिवशी त्याच्या आधी तीच उठली. बस, मी देते, म्हणाली, आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आली. याला वाटलं, माया. पुढच्या खेपेला तसंच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग याच्या ध्यानात आलं, दारूला लागलेला हात तिला पूजेच्या घागरीत नको होता.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. "अव्वा मला पावणं करतीया, काका."

सोड मग नोकरी, असं मी म्हटलं. त्याला नोकरीही हवी होती आणि घागरही, आणि त्यात काही जास्त मागितलं असं मला तरी वाटत नाही. मला तर रागच आला. एकदा समोर बसून त्या बाईची समजूत काढतोच, असं ठरवून दोन ऑक्टोबरला मी त्याच्या गाडीवर मागं बसलो.

ऊन मी म्हणत होतं. निपाणीला मी चहा घेतला, पाणी प्यालो. त्यानं पाण्यालाही तोंड लावलं नाही. घरी जाऊन पितो, म्हणाला. ओठ सुकून पांढरे पडले होते.

दारात त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले. आत येऊन घडवंचीसमोरच बसला आणि आईकडं बघत राहिला. घे की तुझ्या हातानं, एवढंच त्याला ऐकायचं होतं. मलाही ऐकायचं होतं.

"अव्वा, मी घेतो की," तो अर्धवट उठत म्हणाला.

"बस," ती म्हणाली.

तिनं तांब्या आणला, दोन फुलपात्रं आणली. एक माझ्यापुढं, एक त्याच्यापुढं. दोन्ही काठोकाठ भरली.

"घ्या, पावणं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळलं नाही. श्रीशैलला कळलं.

समजूत काढायला गेलेला मी, पावण्यासारखं पुढ्यातलं पाणी पिऊन टाकलं. त्यानं फुलपात्र उचललं. एक थेंब सांडला नाही. गंगव्वा त्या हाताकडं एकटक बघत होती. तिचे डोळेही भरले होते, ते मी बघितलं. फुलपात्र रिकामं झालं तशी ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"आणि घालू?"

हा प्रश्न तो बारमध्ये रोज दुसऱ्यांना विचारतो.

"घाल, अव्वा."

तिनं घातलं. तो प्याला. पुन्हा विचारलं, पुन्हा तो घाल म्हणाला. एवढं पाणी माणसाला लागत नाही. पण तो घाल म्हणायचा तोवर ती त्याच्यापाशी वाकून उभी असायची.

तांब्या रिकामा झाला. तो भरून आणायलाही तीच उठली.