तांबं न घातलेली नळी

मानवी स्मृतीचं गूढ उकलण्यासाठी मी ऐन तारुण्यातली वर्षं दिली. नेमकं सांगायचं तर मेंदूतल्या एका पेप्टाइडचा, म्हणजे इवल्याशा प्रथिनाचा, तुटका तुकडा घेऊन परभणीतल्या एका कॉलेजात, जिन्याखालच्या प्रयोगशाळेत बसलो. त्या तुकड्याला तांबं चिकटलं आणि जोडीला क जीवनसत्त्व असलं, की हवेतला ऑक्सिजन त्याची नासाडी करतो, एवढं मला दाखवायचं होतं. एका नळीत तांबं घालायचं, दुसरीत नाही. दुसरी शाबूत राहिली तरच पीएचडी.

दुसरी शाबूत राहीना. दोन्ही सारख्याच नासत. आणि तुकडा आता डबीच्या तळाशी एका खेपेपुरता उरला होता.

आमचे मार्गदर्शक सर सोनपेठकडचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. कॉलेजात उद्घाटन कशाचंही असो, भाषण त्यांचंच. निकाल पाहून ते खूश झाले.

"म्हंजे तांब्याची गरजच न्हाई. लय मोठा शोध लागायलाय तुमच्या हातून."

"शोध नाही सर. कुठून तरी तांबं शिरतंय."

"तुमी पडले संशयी. शेवटची खेप हाय, पूजा नीट करू."

पूजा दर खेपेला होई. यंत्राला हार, नळ्यांच्या स्टँडला हळदकुंकू, मग बेलाच्या पानानं पाणी शिंपडणं. नळ्या उघड्याच असत. हवा लागायला हवी ना. त्या सकाळी मी हात जोडले, पण डोळे मिटायचे राहून गेले. सरांनी रात्रभर भरून ठेवलेला गडू उचलला, पान बुडवलं आणि दुसऱ्या नळीवर धरलं.

"ही बिचारी बिनतांब्याची. हिला जरा जास्त."

मी नळीवर तळहात ठेवला.

"हात काढा."

"सर, गडू तांब्याचा आहे."

"मग काय महादेवाला प्लास्टिकचा मग आणू?"

पानाचं पाणी माझ्या मनगटावर ठिबकत राहिलं. सरांनी गडू खाली ठेवला. म्हणाले, "शास्त्राच्या बाजूनं तुमचं बरोबर हाय. पण विधी सोडायचा न्हाई." मग तोड निघाली, विधीही झाला. दुसरी नळी शाबूत राहिली.

पदवी मिळाली त्या दिवशी सर विज्ञान आणि परंपरा यांच्या समन्वयावर चहा गार होईपर्यंत बोलले. प्रबंधात त्या समन्वयाला एक ओळ आहे: प्रयोग सुरू होईपर्यंत नळ्यांना झाकणं लावली होती.