काकांचं वायरिंग ठीक होतं

रामटेके काका आज सकाळी गेले. वायरिंग त्यांनी चुकवलं नव्हतं. कोड माझा चुकला होता.

एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली.

काका सेक्टर ६ मध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. स्टील प्लांटच्या कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. जामुल रोडवरच्या एका शेडमध्ये क्रेनचं पॅनल आम्ही दोघांनी बसवलं. वायरिंग त्यांचं, प्रोग्राम माझा.

बोर्ड छोटा, त्यावर तयार फंक्शनांची लायब्ररी नव्हती. म्हणून स्क्रीनवरच्या मेसेजची अक्षरं मोजणारं स्ट्रलेन नावाचं फंक्शन मीच लिहिलं. चार ओळींचा साधा लूप.

ट्रायलच्या दिवशी स्क्रीन स्लो वाटली. माझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा कम्पाइलर कोड फास्टही करून देतो; ऐनवेळी त्याचं ते ऑप्टिमायझेशन फुल केलं.

काका म्हणाले, "असे फंक्शन लायब्ररीवाल्यानं फास्ट करावे. कम्पाइलर कावून हात लावते त्याले?"

"काका, कम्पाइलर आपल्याहून हुशार आहे."

"म्हून तं भेव वाटते, पोरी."

मी हसले. तेव्हा हसायचा माज होता मला.

जादा वजनाची वॉर्निंग तपासायला हुकला मुद्दाम जास्त लोखंड लावलं. वॉर्निंगचा मेसेज यायच्या क्षणी स्क्रीन गोठली.

स्टॉप दाबला. काही नाही.

लोखंड वर चढतच राहिलं. खाली तीन माणसं.

काकांनी धावत जाऊन मेन स्विच ओढला. ब्रेक लागला, सगळे वाचले.

शेडचे मालक ओरडले, "किसकी गलती है?"

माझ्या तोंडून निघालं, "वायरिंग लूज होगी."

काकांनी पॅनल उघडून एकेक वायर ओढून बघितली.

संध्याकाळी त्यांनी कम्पाइलरनं बनवलेला कोड प्रिंट करून माझ्यापुढे ठेवला. मिळालेली ऑर्डर मोठ्यानं परत म्हणून दाखवायची, ही त्यांची प्लांटची सवय; मलाही तसंच मोठ्यानं वाचायला लावलं.

"वाच. स्ट्रलेनमंदी काय लिवलं हाय?"

"स्ट्रलेनकडे जा."

"अन् तिथं गेल्यावर?"

"...स्ट्रलेनकडे जा."

माझा लूप बघून कम्पाइलरनं ओळखलं होतं की हे तर स्ट्रलेनचंच काम. लूप काढून तिथं स्ट्रलेनलाच हाक मारली. पण इथं स्ट्रलेन म्हणजे माझं तेच फंक्शन; ते स्वतःलाच बोलावत बसलं आणि प्रोग्राम तिथंच अडकला, म्हणून स्टॉपही लागला नाही.

"मालकाले तू सांगशील ना?"

"सांगते."

नाही सांगितलं. नोकरीची भीती वाटली. त्या शेडमध्ये काकांना परत कधी कोणी बोलावलं नाही, आणि त्यांनी कोणापुढेही माझं नाव घेतलं नाही.

गेल्या रविवारी हॉस्पिटलमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "सांगतलं काय?"

मी पाणी आणायला उठून गेले.

आज त्यांच्या अंगणात उभी राहून मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काका, सांगितलं. चार तास उशीर झाला.

तुम्हाला शेवटचा जय भीम. भावपूर्ण आदरांजली.